मांडूळ कुठलं?

मांडूळ सापडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा निघतो. किती भरेल? दोन किलो? अडीच? मग कुणीतरी कुणालातरी फोन लावतं, लाखांचे आणि कोटींचे आकडे हवेत फिरू लागतात आणि तीन-साडेतीन फुटांचा एक गरीब जीव गोणीत जातो. मांडुळाच्या तस्करीत माणसं पकडली गेल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षं येत आहेत. गुप्तधन दाखवणं, पैशांचा पाऊस पाडणं, असाध्य रोग बरे करणं, यांतली एकही शक्ती त्या सापाच्या अंगात नाही. तरीही भाव वाढावा म्हणून त्याच्या पोटात धातूच्या गोळ्या भरल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. गारुड्यांनी त्याच्या शेपटीवर डोळे-तोंड कोरून ‘दुतोंड्या’ दाखवण्याची रीत तर त्याहून जुनी आहे.

या पुस्तिकेतही वजनाचा रकाना आहे, पण तो खाली आहे. सगळ्यात वरचा रकाना आहे ‘कुठलं’. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. सापाच्या अंगावरचा रंग, पट्टे, खवल्यांच्या ओळी, शेपटीचा आकार यांतल्या कुठल्याही गोष्टीचं माप त्याच्या मुलुखाशी जोडलं नाही, तर ते माप म्हणजे नुसता आकडा राहतो. एकाच जातीचे साप निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे का दिसतात, हा फार सुंदर प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधण्याची पहिली अट एवढीच, की समोरचा साप कुठल्या जमिनीवर वाढला हे ठाऊक असलं पाहिजे.

नातेपुते या प्रश्नासाठी चांगली जागा आहे. शिंगणापूरच्या बाजूला शंभू महादेवाची डोंगररांग, तिच्या उतारावर मुरमाड, खडकाळ माळ. उलट्या बाजूला नीरेचं खोरं, नीरा उजव्या कालव्याचं पाणी, काळी जमीन आणि ऊस. मुलूख पावसाच्या छायेतला. पालखी फलटणकडून येते आणि इथं मुक्काम करून माळशिरसच्या वाटेला लागते, त्या एका दिवसाच्या चालीतसुद्धा पायाखालची जमीन किती वेळा बदलते ते वारकऱ्याला विचारावं. जमिनीत राहणाऱ्या सापाला तर हा बदल आयुष्यभर पोटाखाली जाणवत असतो. माळावरचं मांडूळ मोकळ्या मुरमात तोंड खुपसतं, उसातलं मांडूळ उंदरांच्या आयत्या बिळांत शिरतं. दोघांच्या अंगात काही फरक पडतो का? पडत असेल तर कसला? हे पाहायला कुठल्या प्रयोगशाळेत जावं लागत नाही. नांगरट, विहिरीचं खोदकाम आणि जेसीबीचं काम चालू असलेल्या शिवारात नजर जागी असली की पुरे.

आपल्या भागात वाळूतल्या बोआंच्या दोन जाती आहेत: मांडूळ आणि डुरक्या घोणस. दोन्ही बिनविषारी, दोन्ही अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणाऱ्या, दोन्ही भक्ष्याला विळखा घालून मारणाऱ्या. यापुढे मात्र त्यांची शरीरं वेगळ्या वाटांनी जातात. मांडुळाचं अंग गुळगुळीत, चकचकीत. जाडी डोक्यापासून शेपटीपर्यंत जवळपास सारखी. शेपटी बोथट, टोकाला गोल. डोळा बारीक, त्यात उभी बाहुली. नाकाडावरचं खवलं पाचरीसारखं पुढं आलेलं, कारण खोदण्याचं सगळं काम तेच करतं. धोका वाटला की ते वेटोळ्यात डोकं लपवतं आणि शेपटी वर काढतं. घाव बसायचाच असेल तर तो शेपटीवर बसावा, अशी ही तजवीज आहे. दोन तोंडांची सगळी कथा या एका सवयीतून निघाली.

डुरक्या घोणस आखूड आणि जाडजूड असते. शेपटी तोकडी पण निमुळती, टोकदार. मांडुळापासूनचा मोठा फरक हाताला कळतो: हिच्या खवल्यांना उभे कंगोरे असतात आणि शेपटीकडे ते इतके खरबरीत होतात की साप सरकताना हातावर ओरखडा उठावा. पाठीवर फिकट रंगावर गडद तपकिरी, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले ठिपके असतात. या ठिपक्यांपायी ती बिचारी दोन्हीकडून मरते. कुणी तिला अजगराचं पिल्लू समजून घरी नेतं, कुणी घोणस समजून ठेचतं. उलटी चूक त्याहून भयंकर: घोणशीला डुरक्या समजून हात घालणं. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा नीट आखलेल्या असतात, डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं दिसतं, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. पुस्तिकेतली पहिली चित्रं या दोघींचीच आहेत. ती पाठ झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मांडुळाचं शास्त्रीय नाव ‘एरिक्स जॉनाय’. तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमधले ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्यावरून ते पडलं आणि 1801 साली ठेवलं पॅट्रिक रसेल यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात काम केलेले हे तेच रसेल, ज्यांचं नाव पुढं इंग्रजीत आपल्या घोणशीला चिकटलं. त्यांनी मांडुळाला घातलं होतं ‘बोआ’ या वंशात. त्याच 1801 सालात श्नायडर यांनी डुरक्या घोणशीचं वर्णन केलं, तेही ‘बोआ’ म्हणूनच. म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला बोआ कन्स्ट्रिक्टर आणि आपल्या माळावरचं मांडूळ एकेकाळी शास्त्राच्या एकाच खात्यावर मांडलेले होते. नंतर खाती वेगळी झाली. डुरक्या घोणशीला तर कधी ‘गोंगिलोफिस’ तर कधी ‘एरिक्स’ अशी वंशांची अदलाबदल सोसावी लागली.

मांडुळाचा मुलूख इराणच्या पूर्व भागापासून अफगाणिस्तान, पाकिस्तान, राजस्थान असा उतरत दख्खनवरून थेट तमिळनाडूपर्यंत पसरला आहे. श्रीलंकेत ते नाही. डुरक्या घोणस मात्र तिथं आहे. एवढ्या विस्तारात साप सगळीकडे सारखा कसा राहील? रंग विटकरी लालापासून पिवळट, तपकिरी आणि जवळजवळ काळ्यापर्यंत जातो. शेपटीवरचे गडद पट्टे कुठं ठळक राहतात, कुठं पुसट होतात. असे फरक पाहून 1907 साली निकोल्स्की यांनी इराणकडच्या मांडुळाला ‘पर्सिकस’ ही उपजात दिली, तर 1951 साली देरणियगल यांनी श्रीलंकेतल्या डुरक्या घोणशीला ‘ब्रेव्हिस’ म्हणून वेगळं काढलं. आज बहुतेक अभ्यासक या उपजाती मानत नाहीत. पण त्या मोडीत निघाल्या म्हणून ज्या फरकांवर त्या उभ्या होत्या ते फरकही नाहीसे झाले, असं समजू नये. नाव देण्याइतकी भक्कम रेघ सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेघ शोधायला पुष्कळ नमुने लागतात, पुष्कळ गावं लागतात, आणि मधल्या गावांच्या नोंदी तर सगळ्यात जास्त लागतात. इराण आणि तमिळनाडू ही दोन टोकं समोरासमोर ठेवली तर कुणालाही दोन जाती दिसतील. टोकांच्या मध्ये नातेपुते आहे.

आपल्याच किनाऱ्यानं याचा मोठा धडा दिला आहे. केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राचा दक्षिण भाग या ओल्या पट्ट्यात वाळूतल्या बोआची तिसरी जात राहते. वाळूचा साप म्हणावा आणि तो तीन-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात निघावा! दिसायला तो मांडूळ आणि डुरक्या घोणस यांच्या मधला वाटतो. इंद्रनील दास यांनी 1991 साली त्याचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन केलं आणि मद्रास सर्पोद्यान उभारणाऱ्या रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव त्याला दिलं. रसेल यांच्या ग्रंथानंतर एकशे नव्वद वर्षांनी! मधल्या काळात बूलेंजर यांचा 1890चा आणि माल्कम स्मिथ यांचा 1943चा, असे भारतातल्या सापांवरचे दोन भारदस्त ग्रंथ होऊन गेले. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून काम करत होती. तरीही किनाऱ्यावरचा हा साप स्वतःच्या नावानं ओळखला जायला विसावं शतक सरत आलं. सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या सापांची शरीरं खवल्याखवल्यानं ताडून पाहिली नसती, तर तो अजूनही शेजाऱ्यांच्या नावावर जगत राहिला असता.

आता बोआ कन्स्ट्रिक्टरकडे वळतो, कारण प्रदेशागणिक शरीरं पाहण्याची जगात सगळ्यात मोठी हौस याच सापाच्या वाट्याला आली आहे. लिनियसनं 1758 साली त्याला नाव दिलं. अमेरिकेत आणि युरोपात हा साप पाळणारे हजारो लोक आहेत आणि त्यांतले जाणते सापाला त्याच्या मुलुखाच्या नावानं ओळखतात: सुरिनामचा, गयानाचा, पेरूचा, अर्जेंटिनाचा, होंडुरासजवळच्या हॉग बेटांचा. सुरिनाम-गयानाकडच्या बोआची शेपटी तांबडीलाल, पाठीवरचे खोगिरासारखे डाग टोकदार आणि रेखीव. मध्य अमेरिकेतला बोआ आकारानं लहान आणि शेपटीला तपकिरी. त्याला आता ‘बोआ इम्परेटर’ ही वेगळी जातच मानतात. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरचा बोआ 2016 मध्ये जनुकांच्या आधारे आणखी वेगळा काढला गेला. अर्जेंटिनाचा काळपट, खोगिरांची संख्या जास्त आणि त्यांच्याभोवती जाळीसारखी नक्षी. कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावरचा ढगाळ राखाडी. हॉग बेटांवरचा फिकट, गुलाबीसर, छोटा, आणि दिवसा-रात्री रंगाची छटा बदलणारा.

ही यादी वाचताना माझं मन दोन दिशांना ओढलं जातं. एकीकडे या लोकांच्या नजरेचं कौतुक वाटतं. खोगिरं मोजायची, पोटाखालची खवली मोजायची, पिलाचा रंग आणि वाढलेल्या सापाचा रंग वेगळा लिहायचा, ही शिस्त आपण शिकण्यासारखी आहे. दुसरीकडे त्या हौसेची किंमत कुणी मोजली तेही दिसतं. हॉग बेटांवरचे बोआ 1970 आणि 80च्या दशकांत पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी इतके उचलले गेले की बेटांवर ते सापडेनासे होऊ लागले. ज्या रंगामुळे साप नावाजला, त्याच रंगानं त्याला बेटावरून उचललं. शिवाय पिंजऱ्यात दोन मुलुखांच्या सापांची जोडी लावली की पुढच्या पिढीचं शरीर कुठल्याच मुलुखाचं राहत नाही. दिसायला ते आकर्षक असेल, पण त्याच्याकडे पाहून होंडुरासविषयी किंवा सुरिनामविषयी काही सांगता येत नाही.

बोआंवरच्या कामातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. बेलीझच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरचे बोआ मुख्य भूमीवरच्या बोआंपेक्षा बरेच लहान असतात. बेटावर मोठे उंदीर-घुशी नाहीत. साप बराचसा पक्ष्यांवर जगतो. मग ते खुजेपण उपासमारीचं की रक्तातलं? अभ्यासकांनी दोन्हीकडच्या मातांची पिल्लं एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीनं खाऊ घालून वाढवली. बेटावरच्या मातांची पिल्लं तरीही सावकाश वाढली. म्हणजे फरकाचा काही भाग तरी वारशानं आलेला होता. आपल्या उसातली मांडुळं माळावरच्यांपेक्षा जाड दिसतात असं शेतकरी सांगतात. ते उंदरांच्या सुकाळामुळे असेल की आणखी कशानं, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. तो असा प्रयोग करून सोडवण्याची परवानगी आपल्याला नाही आणि असूही नये. पण प्रश्न नीट विचारायला आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवायला काही अडचण नाही.

नोंद ठेवताना शरीर पुष्कळ प्रकारे फसवतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मांडुळाचं पिल्लू नारिंगी-तांबूस असतं आणि त्याच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, काळे पट्टे असतात. वय वाढतं तसे ते विरत जातात. एका गावचं पिल्लू आणि दुसऱ्या गावचं मोठं मांडूळ शेजारी ठेवून ‘दोन प्रकार’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. वय बरोबरीचं नसेल तर रंगाची तुलना करूच नये. कात टाकण्याआधी प्रत्येक साप मळकट दिसतो आणि डोळ्यावर निळसर साय येते. त्या दिवसांतला रंग लिहायचा तर तसं स्पष्ट लिहावं. तांबड्या मातीतून निघालेलं मांडूळ तांबडं आणि काळ्या रानातून निघालेलं काळं दिसतं, त्यात कातडीचा वाटा किती आणि मातीचा किती, हे अंगावरची धूळ झटकल्याशिवाय कळत नाही. नुकतंच खाल्लेलं किंवा गाभण मांडूळ वजनाला खोटं असतं. मोबाइलचा फ्लॅश तर सगळ्याच सापांना एका रंगात रंगवतो. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला एक फोटो रात्रीच्या दहा फोटोंहून खरा.

खवली मात्र इतकी फसवी नसतात. साप वाढला तरी अंगाभोवतीच्या खवल्यांच्या ओळी आणि पोटाखालची रुंद खवली वाढत नाहीत. जन्मताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. म्हणून तर जुने अभ्यासक खवल्यांवर इतका विश्वास टाकत. स्मिथच्या ग्रंथापासून अशोक कॅप्टन आणि व्हिटेकर यांच्या 2004च्या मार्गदर्शिकेपर्यंत सापाची ओळख याच मोजणीवर उभी आहे. आणि ही मोजणी करायला साप हातात लागतोच असं नाही. बांधावर पडलेल्या कातेवर सगळ्या ओळी जशाच्या तशा उमटलेल्या असतात. लांबी मात्र कातेवरून घेऊ नये, कारण उतरताना ती ताणली जाते. कात सपाट पसरून दोन्ही अंगांनी फोटो घ्यावेत, जागेची नोंद करावी आणि कात तिथंच राहू द्यावी. सापाच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे बारीक काटे दिसतात, ते मागच्या पायांचे अवशेष. नरात ते मोठे असतात. मांडूळ आणि बोआ कन्स्ट्रिक्टर यांचं दूरचं नातं डोळ्यांनी पाहायचं असेल तर इथं पाहावं.

जिवंत सापाचं माप घ्यायचं ते फक्त सुटकेच्या वेळी, वन विभागाच्या परवानगीनं काम करणाऱ्या सर्पमित्रानं, आणि तेही काही मिनिटांत. मांडूळ आणि डुरक्या घोणस यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे; पकडून ठेवणं, पाळणं, विकणं हे सगळे गुन्हे आहेत. परदेशी बोआंचंही आता मोकळं रान राहिलेलं नाही: आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटिस’ करारात ते येतात, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर व 2024च्या नियमांनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. ज्यांना बोआ पाळण्याची ओढ आहे अशा मुलांची पत्रं आणि फोन येतात. त्यांच्या कुतूहलाला मी नावं ठेवत नाही. मी त्यांना एवढंच विचारतो, की तुमच्या विहिरीजवळच्या दगडाखाली जो बोआ राहतो त्याच्या शेपटीवर किती पट्टे आहेत ते तुम्ही कधी पाहिलंत का?

यापुढचं सांगणं सर्पमित्रांना आहे, आणि ते थोडं कडक आहे. पकडलेला साप कुठं सोडायचा? पुष्कळ ठिकाणी ‘जंगलात नेऊन सोडला’ असं अभिमानानं सांगितलं जातं. नातेपुत्याच्या उसातलं मांडूळ घाटातल्या दाट झाडीत सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. ते तगलंच, तर तिथल्या सापांत इथलं रक्त मिसळणार, आणि उद्या कुणी दोन्हीकडची शरीरं ताडून पाहायला गेला तर जो फरक निसर्गानं घडवला तो आपण पुसलेला असणार. परक्या जमिनीवर सोडलेल्या बोआंनी काय केलं हे मेक्सिकोच्या कोझुमेल बेटानं 1971 नंतर आणि अरुबा बेटानं 1999 पासून पाहिलं आहे. दोन्हीकडे माणसानं आणलेले बोआ फोफावले आणि तिथले पक्षी-प्राणी त्यांच्या तोंडी गेले. मांडूळ ज्या शिवारात सापडलं, त्याच शिवाराच्या कडेला, दिवस मावळताना, उंदरांची बिळं पाहून सोडावं. ज्याच्या रानात सापडलं त्या शेतकऱ्याशी बोलायला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा. वर्षाला किती उंदीर हा साप खातो हे एकदा कळलं की बहुतेक जण ‘राहू द्या मग’ म्हणतात.

आता पालखी मार्ग चौपदरी झाला आहे, कालव्याच्या कडेनं वस्त्या वाढत आहेत, माळ सपाट करून प्लॉट पडत आहेत. रस्त्याच्या अलीकडची आणि पलीकडची मांडुळं एकमेकांना भेटेनाशी झाली तर पुढच्या पिढ्यांची शरीरं कुठल्या वाटेनं जातील, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. आजची नोंद हाताशी असेल तरच पुढच्या माणसाला त्याचं उत्तर काढता येईल. रस्त्यावर चिरडलेलं मांडूळसुद्धा या कामाला उपयोगी आहे: जागा, तारीख, फोटो, शेपटीचे पट्टे.

राहिली एक अडचण, आणि ती खरी आहे. ज्या ‘कुठलं’ या रकान्यावर मी एवढा भर देतो आहे, तोच रकाना तस्करालाही हवा असतो. म्हणून या पुस्तिकेत नोंदींचे नमुने दिले आहेत, तिथं गावापुढची जागा कोरी ठेवली आहे. तुमच्या वहीत शिवाराचं नाव, जमिनीचा प्रकार, पीक, पाण्यापासूनचं अंतर हे सगळं लिहा. वही वन विभागाच्या वनरक्षकाला दाखवा, विद्यापीठातून कुणी अभ्यासक आला आणि त्याच्याकडे परवानगीचं पत्र असलं तर त्याला दाखवा. व्हॉट्सॲपवर मात्र फोटोबरोबर गाव टाकू नका, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद फोटो पाठवण्याआधी काढून टाका. ती कशी काढायची ते दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला चित्रांसह दिलं आहे.